मोहाच्या वाटेवर पुढे कोण

मंगळवार, संध्याकाळ. आलापल्ली.

भटक्या जनावरांच्या आमच्या दवाखान्याला छप्पर हवंय, म्हणून आज ग्रामसभेत बांबू आणि एक दिवसाचं श्रमदान मागितलं. मी भूतदयेवर बोलत बसले, तिथेच चुकले. सरपंच म्हणाले, "माणसाले डॉक्टर भेटत नाई, कुत्र्याले काऊन पायजे?" सगळे हसले. मीही का हसले? त्याचाच राग येतोय.

मग मागून म्हाताऱ्या शेवंताबाई उठल्या. "मोहफुलं येचाले जातो तवा पुढं कोण चालते, भाऊ? वाघाचा वास तुमाले येते का कुत्र्याले?"

हसणं थांबलं. बांबू तरीही नाहीच.

नको तर नको. उद्या पहाटे सगळे फुलं वेचायला निघतील तेव्हा मोहाच्या वाटेवरच टेबल मांडते, तिथेच कुत्र्यांच्या जखमा शिवते. जंगल समोर असताना हसून दाखवा म्हणावं.