बाबांचे हात आणि नवी तार

प्रिय खळी,

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळं ठणठणीत आहे, खाली भट्टी रोज पेटते आहे आणि तुझे बाबा नेहमीसारखेच पिठात माखून फिरताहेत. मेसेज टाकला असता तर तू तो उभ्या उभ्या वाचून लगेच व्हिडिओ लावला असतास आणि "काय झालं, काय झालं" म्हणून माझ्यापुढे हात नाचवले असतेस. मला जे सांगायचंय ते तू एका जागी बसून, चहा घेऊन वाचावंस. दिवसभर लोकांचे दात घडवून दमून येत असशील. परवा शिंपीणकाकूंना कौतुकाने सांगितलं, आमची लेक प्रयोगशाळेत कवळ्या बनवते, तर त्यांनी चटकन तोंडावर हात नेला. त्यांचे ते मोत्यासारखे दात कुठले, हे मला तेव्हा उमगलं.

तर बातमी अशी की आपल्याकडे फायबर आलं. हो, एकदाचं आलं! तू नोकरीला गेलीस तेव्हापासून मी बाबांच्या मागे लागले होते, हे तुला माहीतच आहे. जुनं ब्रॉडबँड टेलिफोनच्याच तारेतून यायचं आणि खांबावरची ती तार जरा दमट हवा पडली की मान टाकायची. मोबाइलचं नेटवर्क म्हणावं तर खिडकीत अर्धं अंग बाहेर काढल्याशिवाय मिळत नाही. ऐकू येणाऱ्यांचं बरं असतं बघ, चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो. तुझं-माझं सगळं बोलणं हातांच्या खुणांत. चित्र अडकलं की शब्द मधेच लटकतो. आठवतंय ना, तू नवं घर मिळाल्याचं सांगत होतीस आणि तुझे हात डोक्यावर छप्पर धरून तसेच थिजले? मला वाटलं, पोरीच्या डोक्यात काहीतरी पडलं.

पण बाबा ऐकतील तर ते बाबा कसले! मी म्हणायचे, "अहो, समोरच्या औषधवाल्यांनीसुद्धा फायबर घेतलं." ते म्हणायचे, "त्यांच्या भिंतीला भोक पडलं, आपल्या नाही." मग म्हणायचे, जुना नंबर जाईल, गिऱ्हाइकं त्याच नंबरावर पाव सांगतात. मग म्हणायचे, वीज गेली की फायबर बंद, जुना फोन चालू राहतो. मी विचारलं, वीज गेल्यावर तुम्ही फोन करता कुणाला? तर म्हणाले, "वीजवाल्यांना." कपाळ माझं! पैशाचं कारण मात्र त्यांनी एकदाही पुढे केलं नाही. मला वाटायचं, हट्ट आहे नुसता. चालत्या गाड्याला खीळ नको, एवढंच.

तू एकदा मला विचारलं होतंस, बाबांना माझ्याशी बोलायला आवडत नाही का? दर रविवारी ते चित्राच्या कडेला अर्धे दिसतात, हात हलवतात, "जेवलीस का?" एवढी खूण करतात आणि भट्टी बघतो म्हणून खाली सटकतात. मी तेव्हा तुला सांगितलं, अगं, भट्टी खरंच असते. ती असतेच. पण मलाही खात्री नव्हती.

मग तो रविवार आला. तू समोर बसलीस ती डोळे लाल करून, केस विस्कटलेले, आणि भराभरा सांगायला लागलीस. मला 'हॉस्पिटल' दिसलं, मग 'मी' दिसलं, आणि पुढे नुसते चौकोन. तुझं तोंड एकीकडे, हात भलतीकडे, आणि मग काहीच नाही. मैत्रिणीला बाळ झालंय आणि तू जागरण करून तिच्या उशाशी होतीस, हा तुझा मेसेज बऱ्याच वेळाने आला, मी खिडकीतून मोबाइल बाहेर धरला तेव्हा. तोवर आमच्या जिवात जीव नव्हता. त्या मधल्या वेळात काय झालं ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही.

बाबा विचारत होते, "काय म्हणाली ती?" मी म्हटलं, नाही कळलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी ओरडलेच त्यांच्यावर, "अहो, नाही कळलं म्हणते ना! तुकडे तुकडे दिसले, त्यातून मी काय समजू?" ते स्टूल ओढून माझ्याशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "मला कायम असंच दिसतं." मला काही बोध होईना. म्हणाले, "ती बोलते ना, तेव्हा. चित्र चांगलं असतं तेव्हाही. एखादी खूण पकडतो, पुढचं सगळं निसटतं. मग तू सांगतेस, तेव्हा मला मुलगी कळते." इतकी वर्षं मी या माणसाबरोबर संसार करते आहे, पण त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. तुझा मेसेज आल्यावर मी हसले, रडले, शिंपीणकाकूंना हाक मारून सांगितलं. बाबा मात्र हात धुऊन खिडकीशी उभे राहिले आणि त्या खांबावरच्या तारेकडे शत्रूकडे बघावं तसं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी भट्टी कारागिराच्या हवाली करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतः फायबरवाल्यांच्या ऑफिसात गेले. मला पत्ता नाही! संध्याकाळी म्हणाले, "उद्या माणसं येतील, कपाट सरकवून ठेव."

माणसं कसली, शिडी खांद्यावर घेतलेली एक उंच, हसरी मुलगी आली. तिने ती काचेची तार दाखवली, केसाएवढी बारीक. म्हणाली, "काका, यातून उजेड जातो, त्या उजेडावर सगळं चित्र येतं." बाबा नाक लावून बघायला लागले तशी ती म्हणाली, "जास्त वाकवू नका हं, तुटेल." ते असे मागे सरले, की जणू भट्टीतला केक बसेल. नंबर जुनाच राहील, हेही तिनेच सांगितलं. बाबा म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलं कुणी?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलंच कुठे, काका?" मी स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतलं. भिंतीला भोक पडताना मात्र ते डोळे मिटून उभे होते.

पुढच्या रविवारी तू लख्ख दिसलीस. पहिलं वाक्य काय, तर बाबांच्या मिशीत पीठ आहे! मी सांगितल्यावर त्यांनी मिशी पुसली. हसले, पण तेवढ्यापुरतेच. आणि मग त्यांचं काहीतरी सुरू झालं. दुपारी पीठ फुगत ठेवलं की तुझा जुना टॅब घेऊन खाली जायचे. मी समजले, मॅच बघत असतील. एकदा मी चहा घेऊन उतरले, तर ते पीठ मळायच्या टेबलापुढे उभे. टॅब पिठाच्या डब्याला टेकवलेला, त्यावर एक बाई खुणा शिकवते आहे, आणि तुझे बाबा, ते जाडजूड हात, ती पावासारखी बोटं, एकेक खूण घासूनपुसून करताहेत. समोर प्रेक्षक म्हणून फुगलेल्या कणकेचे गोळे.

मला बघून चोरी पकडल्यासारखे झाले. मग म्हणाले, हे काही आजचं नाही. तू गेल्यापासून ते शिकायचा प्रयत्न करत होते. तू लहान असताना शाळेतल्या वर्गाची वेळ आणि भट्टीची वेळ एकच पडायची, म्हणून मी जायचे आणि ते राहून गेले. पण जुन्या नेटवर ती बाई खुणेच्या अर्ध्यातच गोठायची. "मला वाटायचं," ते म्हणाले, "खूणच तेवढी आहे." अगं, म्हणून ते तुला चित्रविचित्र काहीतरी करून दाखवायचे आणि तू माझ्याकडे बघून विचारायचीस, हे काय? ते अर्धे शब्द होते, खळी. तुझा चेहरा बघून त्यांना वाटायचं, आपल्याला हे जमण्यातलं नाही, आणि मग भट्टीची आठवण यायची.

खरं सांगू का, माझ्या पोटात थोडं दुखलंही. तुम्हा दोघांच्या मधली जागा माझी होती. तुझं त्यांना सांगायचं, त्यांचं तुला, आणि मधल्यामधे थोडा मीठमसाला माझा. पण चहा गार होईपर्यंत मी त्यांच्या चुका दुरुस्त करत बसले. 'साखर' अजून चुकते. 'उद्या' झकास जमते.

आता पत्र कशासाठी, ते. काल बाबा मला म्हणाले, "येत्या रविवारी तू मावशीकडे जा." मी म्हटलं, का हो, घर विकताय की काय? तर म्हणाले, "तू असलीस की तिचे डोळे तुझ्याकडे, माझेही तुझ्याकडे." तेव्हा रविवारी पडदा उघडल्यावर बाबा एकटेच दिसले तर घाबरू नकोस आणि मला शोधू नकोस. या खेपेला ते मधोमध बसलेले असतील. तू हात सावकाश चालव. चुकले तर खुशाल हस, तेही हसतील, पण त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांब. त्यांना तुला एक गोष्ट विचारायची आहे. न्हाणीघराच्या आरशासमोर तिची तालीम चाललेली मी दारातून पाहिली आणि मला ती अक्षर न् अक्षर कळली. पण मी तुला सांगणार नाही. ती तू त्यांच्याकडूनच घे. नंतर मलाही लगेच काही कळवू नकोस. त्यांना वाटलं तर तेच सांगतील. त्या वेळी मी मावशीकडे पत्ते खेळत असेन. हरेन, ते उघडच आहे.

तुझीच,
आई