टिचकी न मारता सांगितलेला दाब

अब्बा, तुम्ही दिलेलं ते जुनं प्रेशर गेज मी दोह्याला आणलंय. काचेला तडा, काटा कधी शून्यावर तर कधी विसावर अडकलेला. तेलविहिरीवरून रजेवर गावी आलात तेव्हा ट्रंकेतून काढून माझ्या हातात ठेवलं होतंत. मी नऊ वर्षांची होते. अम्मीने ते चुलीमागच्या फळीवर ठेवलं आणि मी रोज त्याचं रीडिंग तुमच्या वहीत लिहू लागले. एका सकाळी कंटाळा आला, म्हणून कालचाच आकडा उतरवला. तुम्ही चुलीपुढे पेज पीत बसलाय. वही बघता, वाटी खाली ठेवता. "काय गो, टिचकी मारलीस?" तुम्ही उठून काचेवर दोन टिचक्या मारता आणि काटा विसावरून सरळ शून्यावर येतो. "काटा अडकतो, बाय. आधी टिचकी, मग डोळा, मग पेन्सिल. न बघता लिहिलेल्या आकड्याने माणूस मरतो."

पुढच्या रजेला तुम्ही आला नाहीत. तुमच्या साथीदाराने मामूंना सांगितलं ते एवढंच, की विहिरीच्या तोंडाशी कुजक्या अंड्यांचा वास येत होता आणि मग येईनासा झाला. विषारी वायू वाढला की नाकच बधिर होतं, म्हणून वास थांबला की पळायचं, हे तुम्हीच त्याला शिकवलं होतंत. तो पळाला. तुम्ही म्हणालात, "आकडा घेऊन येतो."

त्यानंतर मी शिकले. पदार्थविज्ञानात बी.एस्सी., आपल्या घरातली पहिली. मामूंनी इथे बोलावून भारतीय मुलांच्या शाळेत चिकटवलं. मामू तेलविहिरींच्या कंपनीत स्टोअर-क्लार्क, त्यामुळे रद्दीतली परदेशी मासिकं घरी येतात. त्यातल्या एकात वाचलं, की डॉक्टर लोक डोळ्यातला दाब मोजायला एक बारीक डबी आत ठेवून बघतायत. तिला तार नाही, बॅटरी नाही. पातळ पडद्याच्या दोन चकत्या आणि एक कॉइल. दाब वाढला की चकत्या जवळ येतात आणि डबीचा सूर, म्हणजे कानाला न ऐकू येणारी रेडिओसारखी लहर, बदलतो. बाहेरून मीटरची कॉइल जवळ नेऊन सूर जुळवत जायचं, जुळला की मीटरचा काटा झपकन खाली पडतो. मला दुसरं काही सुचेना. डोळ्यात चालतं, तर विहिरीच्या नळात का नाही? माणूस लांब उभा राहील, वाऱ्याच्या बाजूला, आणि आकडा त्याच्याकडे येईल.

चार महिने लागले. चकत्या पत्र्याच्या, कॉइल जुन्या रेडिओची, मीटर मामूंच्या ओळखीच्या वायरलेस ऑपरेटरचं, उसनं. सोड्याच्या बाटलीत डबी ठेवून सायकलच्या पंपाने हवा भरायची. पंप मारला की सूर सरकायचा, दर वेळी, न चुकता. मी स्वयंपाकघरात नाचले. मामी म्हणाली, "आता भाकऱ्या पण हीच बाटली भाजणार काय?"

मामूंनी सहा वेळा अर्ज केल्यावर कंपनीच्या साहेबांनी एका शुक्रवारी नमाजानंतर वर्कशॉपमध्ये वीस मिनिटं दिली. रत्नागिरीकडचा एक फिटर बघायला थांबला होता. "मास्तरणीबाय, तार नाय, बॅटरी नाय, मग आतून बोलतंय कोण? जिन?" सगळे हसले, मीही हसले. डबी पोलादी नळात घातली, नळ बंद केला. मी बाहेरून कॉइल फिरवत राहिले. साहेब घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, "मिस, तुम्ही मुलांना शिकवा." फिटर म्हणाला, "खलास." घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं, बाई बघून हाकललं. मामू दोन दिवस साहेबांशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी बाटली मामीच्या पितळी डेगीत ठेवून वर ताट झाकलं. मीटरचा काटा हलेना. ताट काढून बाटली बाहेर घेतली, तर झपकन पडला. शरीरातल्या पाण्यासारख्या मिठाच्या पाण्यात बुडवली, तर थोडा का होईना, पडला. धातू सूर बाहेर येऊ देत नाही, अब्बा! शरीर देतं. एवढी साधी गोष्ट, आणि चार महिन्यांत एकदाही मी काचेशिवाय कशातही डबी ठेवून बघितली नव्हती. पोलादी नळाला जाड काचेची एक छोटी खिडकी बसवली तर कदाचित जमेल. हे मला आज ठाऊक आहे. पण मला परत वीस मिनिटं कोणी देणार नाही. आणि त्या विहिरीवर आजही माणूस तोंडाशी जाऊन काचेवर टिचकी मारतोय. कधी कधी वाटतं, ते मीटर भिंतीवर आपटावं.

पण वीस मिनिटं मिळणार नाहीत, ती मी बाई आहे म्हणून नाही. ते मी घरात सांगितलं, तुम्हाला सांगवत नाही. त्या दिवशी नळ बंद झाल्यावर काटा एकदाही पडला नव्हता. साहेबांनी विचारलं, "रीडिंग किती?" फिटर बघत होता, मामू काचेच्या बंद दाराबाहेर हात जोडून उभे होते. मी म्हणाले, "चाळीस."

साहेबांनी बाजूच्या गेजकडे बोट दाखवलं. शून्य. हवेची चावी त्यांनी अजून उघडलीच नव्हती.

हा कागद घडी करून तुमच्या गेजच्या मागे ठेवतेय. ठेवण्याआधी काचेवर दोन टिचक्या मारल्या. मामूंना अजून काही सांगितलेलं नाही.