खाटेवर वाचलेल्या माणसाची जागा

मी दोविदेना, तामोरा गडाखालच्या वस्तीत राहणारी, लोणी विकणारी. माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही, आणि काल मला नात झाली म्हणून मी फार खुशीत हे मृत्युपत्र लिहिते. अक्षरं रोमच्या फौजेच्या छावणीत लोणी विकता विकता शिकले, चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

घर, शेळ्या आणि वरचं कुरण मुलगी अंबाता हिला. आमच्यात घर मुलीचंच. मुलगा त्रिदियो याच्यासाठी बायको त्याच्या बहिणीने बघायची. जरा हसरी बघ गं, हा फार कुढतो.

घराला अट एक. माझे यजमान कादो यांना जेवताना भिंतीलगतच्या बाकावर पहिल्या जागी बसवावे; वस्तीतले पुरुष जमले की तिथे वयाच्या क्रमाने बसायचे. वस्तीत त्यांच्याहून वडील पुरुष उरलेला नाही, तरी वेढा संपल्यापासून ते कोपऱ्यात उभ्याने जेवतात. का, ते लिहिते. रोमी फौजेने गड वेढला होता तेव्हा अंबाता झाली. आमची रीत अशी, की बाई बाळंत होऊन कामाला लागते आणि बाप बाळ घेऊन खाटेवर पडतो. आमचा जावई आत्ता तसाच पडलाय, मीच पेज भरवते. बाप उठला तर मूल दगावतं. म्हणून मी तटावर धोंडे वाहत होते आणि हे खाटेवर. तट पडला. शिपायांनी पांघरूण ओढलं, बाप्या बाळंतीण बघून खो खो हसले नि पुढे गेले. तटावरचा एकही पुरुष वाचला नाही.

सगळ्या विधवांत माझा एकटीचा नवरा. त्याला ओकफळांची भाकर वाढताना आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाचीच लाज वाटायची. दार लावून वाढायचे.

अंबाता म्हणते, "आई, बाबा बसतच नाहीत. उचलून ठेवू का?"

ठेव. तुला कुशीत घेऊन पडून राहणं त्यांना सोपं गेलं नव्हतं.

शेजारीण अकिदा हिला लोण्याचा मोठा बुधला. हिने यांना भर वस्तीत "काय बाळंतीणबाई!" म्हटलेलं मी विसरले नाही. पण तिचा माणूस तटावर गेला, म्हणून उलटून बोलले नाही. बुधला तिनेच घासून घ्यावा.

साक्षीला यांना बोलावलं तर दारातच थबकले. "माझी साक्ष कोण धरणार?"

अकिदा निशाणी करायला आधीच आली होती. ती म्हणाली, "कादोदादा, माझ्या माणसाची जागा रिकामीच आहे. बसा."

बसले. मान खालीच आहे, पण बसले.

सही: दोविदेना
साक्षीदार: अकिदा (निशाणी), कादो (निशाणी, बाकावर बसून)
ठिकाण: तामोराखालची वस्ती
दिवस: ओकफळं वेचायला निघायचा, नातीचा दुसरा