डबा परत पाठवायची घाई नाही

मंगळ., १८ नोव्हें.
इ. ४थीला नवा घटक: उताऱ्यातल्या खुणांवरून लेखकाचा दृष्टिकोन ओळखणे. संस्कृतात याला भाष्य म्हणतात, माणसं त्यात आयुष्य घालवतात. मला पस्तीस मिनिटं. फळ्यावर नियम लिहिला: निदान दोन खुणा दाखवा. एका खुणेवर मत बनवायचं नाही.
उतारा चौपाटीवरच्या कचऱ्याचा. साईराज म्हणाला, लेखक नाराज आहे. कशावरून? "मोठी माणसं लिहायला बसली की नाराजच असतात, बाई." अर्धा गुण दिला. अनुभवाचा.
मधल्या सुट्टीत वर्षाचा फोन. माईची सून, दीड वर्षात पहिल्यांदाच. "मावशी, आईंना अर्धांगाचा झटका आला. काल घरी आणलंय. उजवी बाजू गेलीय, बोलता येत नाही. तुम्हाला कळवू की नको तेच कळेना..."
सख्ख्या बहिणीला कळवू की नको. बरोबरच आहे तिचं.

बुध., १९
गेले नाही. शाळा सुटल्यावर गिरगावची बस समोरून गेली, मी भोईवाड्याला घरी.
दीड वर्षापूर्वी आमच्या आईच्या बाराव्याला मी गुरुजींचे उच्चार सुधारले होते. सगळ्यांदेखत. माई म्हणाली, "आई गेली नि तुला चुका दिसतायत!" मी म्हणाले, चूक ती चूकच. ज्या विद्येच्या जोरावर हे म्हणाले, ती मिळाली माईने सातवीत शाळा सोडून शिवणयंत्र चालवलं म्हणून. तेवढं मात्र ती बोलली नाही. त्यानंतर आम्ही दोघी काहीच बोललो नाही.
आता गेले आणि तिने तोंड फिरवलं तर? आता तिला तेवढंच जमत असेल तर?
माळ्यावरून डबा काढला. दर उन्हाळ्यात आम्ही दोघी लालबागला मिरच्या घेऊन मसाला कुटून आणायचो. त्या वर्षी मी गेले नाही. तिने कुणाच्या तरी हाती हा डबा पाठवला, मी न उघडता माळ्यावर टाकला. आज उघडला. वरच चिठ्ठी.
"सुमे, यंदा तू आली नाहीस. एकटीनेच कुटून आणला. मिरची फार तिखट निघाली, बेताने घाल, तुझ्या पोटाला सोसत नाही. डबा परत पाठवायची घाई नाही. माई."
चार ओळी, चार टोमणे. झोपले.

गुरु., २०
नावं गाळून चिठ्ठी फळ्यावर लिहिली. हे करायला नको होतं, पण मला दुसरं कुणी विचारायला नाही.
साईराज: "खुन्नस आहे, बाई! 'एकटीनेच' लिहिलंय. आणि 'घाई नाही' म्हणजे येऊच नको." दोन खुणा. पूर्ण गुण. माझंही उत्तर हेच होतं.
मग तिसऱ्या बाकावरून तन्वी. "नाही बाई. खुन्नसमध्ये कोण कुणाचं पोट बघतं?"
दुसरी खूण?
"डबा. पिशवीत बांधून दिला असता की. डबा दिला म्हणजे परत न्यायला लागणार. आणि रिकामा डबा कोण परत देतं? माझी मम्मी तर शेजारच्यांचा डबा आठ-आठ दिवस ठेवते, काय भरून द्यायचं सुचत नाही म्हणून."
हीसुद्धा बरोबर. पूर्ण गुण.
साईराज चिडला. "दोघं कसे बरोबर? बाई, तिलाच फोन करून विचारा ना!"
म्हटलं, तिला बोलता येत नाही.
"मेली?"
नाही रे.
"मग जा ना."
घंटा झाली. फळा मीच पुसला. मॉनिटरला दिला नाही.

शुक्र., २१
मसाल्याचा रंग उडालाय, वास आहे. आमटीत घातला. बेताने. डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटाने, अशी नोंद.

शनि., २२
डबा तीनदा धुतला. वास जात नाही. नाचणीचं सत्त्व केलं. तिला गिळायला सोपं. भरलं. दीड वर्षांपूर्वी काहीही भरता आलं असतं. लाडू, चकल्या. तेव्हा तिला चावता येत होतं.

रवि., २३
गिरगाव. वर्षाने दार उघडलं, "आई, बघा कोण आलंय!" माई खाटेवर. एवढीशी. डोळे तेच.
बसमध्ये वाक्यं जुळवली होती, अगदी निर्दोष. एकही आलं नाही. म्हणाले, "डबा आणलाय." आणि तो तिच्याजवळ ठेवला.
तिने डब्याकडे पाहिलं. मग डावा हात हलला. डब्याला लावला आणि डबा माझ्याकडे सरकवला. हळूहळू. पण सरकवला.
"आई, असं काय करता?" वर्षा ओशाळली. डबा आत नेला, सत्त्व काढून घेतलं, मूठभर साखर घालून माझ्या हातात दिला. "रिकामा कसा देऊ, मावशी?"
तोवर माईने डोळे मिटले होते. झोपली की मुद्दाम मिटले, कळलं नाही. तिच्या पायावरचं पांघरूण नीट केलं नि निघाले.
बसमध्ये डबा मांडीवर. साईराज म्हणेल, घेऊन जा म्हणाली. तन्वी म्हणेल, पुन्हा भरून आण म्हणाली. माझ्याकडे खूण एकच, आणि नियम फळ्यावर लिहिला तो मीच.
उद्या शाळा सुटल्यावर परत जाते. डब्यात काय न्यावं, ते अजून सुचत नाही.