सटवाईचा कागद

बुधवार, ११ फेब्रुवारी. दुपारी ४.१०

हॉस्पिटलच्या काचेबाहेर उभा. पोरगी आत पेटीत, नाकात नळी. रविवारी झाली, दोन महिने आधी. वजन १२४० ग्रॅम. वैशाली खालच्या वॉर्डात, टाके आहेत, जिना चढू देत नाहीत. पोरगी कशी आहे ते मीच जाऊन सांगायचं. आज म्हणालो, "तुझ्यासारखी जांभई देते." खोटं नाही. पण नळीचं बोललो नाही.

गेटजवळच्या गणपतीकडे श्वास, वजन, नळी, सगळं क्रमाने मागितलं. काही राहिलं असं वाटून परत फिरलो. आई बघत होती. "काहून बा, देवाले नुसता तगादाच लावतं? दिलं त्याचं नाव तं घे एकदा."

काय दिलं?

गुरु., १२

आज पाचवी. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते, तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवायचं. स्वारगेटहून आणला, रेघांचा. सरळ लिहिलं जाईल. पेन दुकानातच चालवून पाहिलं.

सिस्टर म्हणाल्या, "अहो, आत जायला मलासुद्धा कोपरापर्यंत हात धुवावे लागतात. तुमच्या देवीला सांगा, भेटायची वेळ चार ते पाच."

तरी त्यांनी कागद घेतला. पेटीशेजारी नाही, बाहेर स्वतःच्या टेबलावर ठेवला. देवीला तिथे सापडेल ना?

शुक्र., १३. सकाळी

कागद कोरा नाही! निळ्या शाईत: १२६०. दूध ३ मिली. पचलं.

सिस्टर ड्यूटी संपवून निघाल्या होत्या. "वजन केलं, हाताशी हाच होता. का, देवी चिडली?"

मी चढ्या आवाजात बोललो. कागद कोणाचा होता, मुलीचं नशीब, काय काय.

"वीस ग्रॅम वाढलीय. आधी ते वाचा, मग भांडा."

वाचलं. परत वाचलं.

आईला घाबरतच सांगितलं. म्हणाली, "मंग? सटवाईचं अक्षर तू कधी पाह्यलं होतं का?"

वैशालीला कागद दाखवला. "पचलं" वर बोट ठेवून हसली. रविवारनंतर पहिल्यांदा. मी बाहेर आलो आणि पाण्याच्या फिल्टरसमोरच हात जोडले. मागायचं सुचलंच नाही. देवाला सांगत गेलो, ही सिस्टर दिलीस, हे तीन मिली दिलंस, वैशालीचं हसणं. इतकं हलकं कधी...

सिस्टरांची माफी मागायची राहिली.

शनि., १४

१२५०. दहा गेले. डॉक्टर म्हणाले, "होतं असं. उद्या नळी काढून पाहू." पाहू म्हणजे? विचारायचं धाडस झालं नाही. गणपतीपुढे आधी दिलेल्या सगळ्याचं नाव घेतलं, पूर्ण. मग मागितलंच. एकच.

सिस्टरांना सॉरी म्हणालो. "सॉरी राहू द्या, कागद आहे का? रात्री परत वजन आहे."

खर्च: रेघांचे कागद दोन, ४ रु. देणे: हॉस्पिटलचं, आकडा सोमवारी सांगणार.

एक कागद सिस्टरांना दिला. दुसरा उद्यासाठी खिशात आहे, कोरा.