एका वेळी एकच

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा तेच! कामावरून थेट आईबाबांकडे गेले, तर दारातूनच ऐकू आलं — "अहो, आता बशी ठेवा. ठेवली? आता नळ बंद करा. आता हात पुसा." आईचं खुब्याचं हाड मोडून तीन महिने झाले, बाई अंथरुणाला खिळलेली, पण तोंडाला विश्रांती नाही. बाबा मुकाट्याने सगळं ऐकतात. चाळीस वर्षं कारखान्यात लेथ चालवली त्या माणसाने. केसाएवढा फरक बोटांना कळायचा. आणि आता त्यांना नळ बंद करायला शिकवायचं.

पलंगही हट्टाने बाहेरच्या खोलीत मांडून घेतलाय, बरोबर स्वयंपाकघराच्या दारासमोर. येताजाता माझ्या गुडघ्याला लागतो. आतल्या खोलीत उजेड आहे, वारा आहे. नको म्हणे! पहारा कसा ठेवणार मग?

५ नोव्हेंबर, बुधवार

दिवसभर म्हाताऱ्यांच्या कवळ्या, संध्याकाळी म्हाताऱ्यांची कुरबुर. माझ्या नशिबात दुसरं वय नाहीच.

दातांच्या लॅबमध्ये एक कवळी दुसऱ्यांदा परत आली. पुढचे दात मी जरा उजवीकडे कलते बसवले होते. मालक ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, "हल्ली तुमचं लक्ष नसतं." खरंय. पहाटे उठून दोन घरांचा स्वयंपाक, मग बस, मग आठ तास मेण आणि प्लास्टर, मग आईबाबांकडे डबा, मग आमचं घर. नवरा सहसा बोलत नाही. आज विचारलं त्याने, "तू शेवटची बसून कधी जेवलीस?"

आठवेना.

९ नोव्हेंबर, रविवार

दादाचा रविवारचा फोन, चेहरे दाखवून. त्याने विचारलं, "बाबा, आज काय खाल्लं?" उत्तर आईचं. "झोप लागते का?" आईच. "पेपर वाचता ना?" — "वाचतात, वाचतात, सगळा वाचतात." बाबा आपले हसऱ्या चेहऱ्याने बसलेले. नंतर दादाने मला वेगळा फोन केला. "अशाने बाबा आधी जातील. आईला पंधरा दिवस एखाद्या राहून व्यायाम करून घेणाऱ्या केंद्रात ठेव. ती चालायला लागेल, बाबांना उसंत मिळेल."

लांबून सल्ले द्यायला याचं काय जातं? पण या वेळी पटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आईपुढे विषय काढला. नको म्हणाली. तिथली गादी टणक असेल. तिथले लोक हळू बोलतात. बाबांना दूध कुठे ठेवतात ते सापडत नाही. एकेक कारण असं, की हसावं की रडावं! शेवटी माझा तोल गेला. म्हटलं, "दूध सापडत नाही कारण तू शोधू देत नाहीस. नोकरासारखं राबवतेस त्यांना. जरा श्वास घेऊ दे."

आईने माझ्याकडे पाहिलंच नाही, बाबांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पंधराच दिवस ना?"

जिंकल्यासारखं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू — छान वाटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईला सोडून आले. जागा चांगली आहे. भिंतींना धरायला कठडे, मोठ्या खिडक्या, व्यायाम करून घेणारी मुलगी हसतमुख. आई मात्र गाडीत सगळा वेळ मला सूचना देत होती. "सकाळी साडेसातला जा. नुसता फोन नको, जाऊन उभी राहा. रात्री दाराला बाहेरून कडी घाल." मी म्हटलं, "आई, बाबा काय कुक्कुलं बाळ आहेत?" तिने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

सकाळी साडेसातला माझी बस असते. कसं जमणार?

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाबांना सांगितलं, आता मस्त आराम करा. त्यांनी मान डोलावली. घर किती शांत झालंय!

१८ नोव्हेंबर, मंगळवार

कालचा डबा उघडलाही नव्हता. "का हो बाबा?" तर म्हणाले, "तुझी आई आली की जेवू." घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघ, याला प्रेम म्हणतात. शिक काहीतरी." खूप दिवसांनी दोघं हसलो.

आईचे तीन फोन येऊन गेले. कामात होते, उचलले नाहीत. तक्रारीच असणार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सोमवारचाच शर्ट अंगावर. एक पातेलं जळून काळं ठिक्कर. विचारलं तर त्यांना माहीतच नाही, जसं काही शेजारी येऊन जाळून गेले. समोर बसून जेवायला लावलं. इतक्या वर्षांत सवय सुटली असेल, दुसरं काय.

तरी उद्या लवकर निघेन.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अक्षर वाईट येतंय, येऊ दे.

अकराला लॅबमध्ये फोन आला. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा. "तुमचे बाबा सकाळपासून जिन्यात उभे आहेत. एक बूट पायात, एक हातात. मी वर चला म्हटलं तर म्हणतात, कुठे जायचंय ते विचारून सांगतो." मेणात अर्धे दात बसवलेला जबडा तसाच टाकून पळाले.

बाबांना वर आणलं. म्हटलं, "बाबा, हातपाय धुवा, शर्ट बदला आणि बसा, मी चहा टाकते." ते न्हाणीघराच्या दारापर्यंत गेले. परत आले. कपाटापर्यंत गेले. परत आले. मग माझ्याकडे पाहून हसले — परक्या घरी पाहुणा हसतो तसं. मला रागच आला. माझ्याच बापाचा राग आला मला.

तेवढ्यात आईचा फोन. आज उचलला. मी काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "मोठ्या आवाजावर लाव आणि ओट्यावर ठेव. आणि तू मध्ये बोलू नकोस."

मग तिचा आवाज. "अहो." बाबांनी मान वर केली. "ओट्याजवळ या." गेले. "डाव्या हाताचं कपाट उघडा." उघडलं. "वरचं छोटं पातेलं घ्या." घेतलं. "एक कप पाणी." — असं एकेक. दोन सूचनांच्या मध्ये ती अगदी योग्य तेवढी थांबायची, दिसत असल्यासारखी. आणि बाबा! हात कसे सफाईने चालत होते. साखर चमच्याने अशी सपाट मोजली, की तराजू नको. सगळ्यात शेवटी आई म्हणाली, "गॅस बंद करा. केला? आता एक कप तिला द्या." बाबांनी कप माझ्या हातात दिला.

चहा उत्तम झाला होता.

बाबांना आमच्याकडे घेऊन आले. नवरा त्यांच्या खोलीत झोपलाय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रजा टाकून केंद्रावर गेले. आई खुर्चीत बसली होती, केस नीट विंचरलेले. मी विचारलं, "कधीपासून?"

"चार वर्षं होतील."

डॉक्टरांना दाखवून झालंय. कागद लोकरीच्या पिशवीत, तळाशी. या विसरण्याच्या आजाराचं नाव कळलं तेव्हा ती आठ दिवस रडली म्हणे आणि नवव्या दिवशी सुचलं — वर्गात बायकांना विणायला शिकवायची तसंच करायचं. "सगळा नमुना कधी सांगायचा नाही. दोन सुलट. मग एक उलट. तेवढंच. हात शिकलेले असतात गं, त्यांना फक्त पुढचा टाका सांगावा लागतो." आधी ती बाजूला उभी राहून हळूच सांगायची, म्हणून आम्हाला पत्ता लागला नाही. पडल्यावर पलंगावरून ओरडून सांगावं लागलं, तेव्हा आम्हाला ऐकू आलं. आणि आम्ही म्हटलं, बाई तोंडाळ झाली.

पडली तीही आम्हाला सांगितलं होतं तशी न्हाणीघरात नाही. बाबा दार उघडून निघून गेले होते, त्यांच्यामागे जिन्यावरून धावली.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय केलं असतंस? मला ठेवलंस तसं त्यांना कुठेतरी ठेवलं असतंस." रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. अगदी सहज म्हणाली. "माझा आवाज आहे तोवर त्यांचं घर सुटत नाही. तू फक्त दादाला सांगू नकोस."

व्यायामाच्या मुलीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, आईंना आता नेलं तर पाय आखडेल, पुन्हा उभ्या राहतीलच असं सांगता येत नाही, निदान दहा दिवस तरी थांबा. मी आत येऊन आईला तेच सांगितलं. तिने पिशवी आधीच भरून ठेवली होती.

चार वर्षं. रोज संध्याकाळी जात होते मी तिथे. रोज!

२२ नोव्हेंबर, शनिवार

आईला घरी आणलं. पलंग होता तिथेच ठेवला. मी त्या दिवशी काय बोलले होते त्याबद्दल माफी मागायची होती. सुरुवात केली तर म्हणाली, "ते राहू दे, यांची नखं वाढलीत बघ."

२३ नोव्हेंबर, रविवार

दादाचा फोन. "आई इतक्यात परत?" मी म्हटलं, तिथली गादी टणक होती. "बाबा, कसे आहात?" — या वेळी उत्तर मी दिलं. आईने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

दादाशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. जमलं. हेच वाईट वाटतंय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मालकांना खरं ते सांगून टाकलं, घराबाहेर फक्त त्यांनाच. ते चिडतील, कामाला दुसरी बाई बघतील, अशी तयारी करूनच गेले होते. ते प्लास्टर ढवळत राहिले. मग म्हणाले, "दात बसवायचं काम घरी न्या. जबडे सकाळी घेऊन जा, संध्याकाळी आणून द्या. मोडतोड झाली तर तुमच्या अंगावर." पगार थोडा कमी होईल. होऊ दे.

२ डिसेंबर, मंगळवार

आता आईबाबांच्याच जेवणाच्या टेबलावर माझं दुकान. आई पलंगावरून मला शिकवतेय आणि मी ढ विद्यार्थिनी. मी म्हणते, "बाबा, ताट घ्या आणि बसा." बाबा ताट घेऊन उभेच. आई म्हणते, "दोन झाले. एका वेळी एकच सांग." मी म्हणते, "नाही, तिकडे नाही." आई म्हणते, "नाही म्हणू नकोस कधी. कुठे जायचं ते सांग." मी घाई करते. "हात थांबू दे आधी, मग पुढचं."

बायकांचे वर्ग हिने कसे चालवले असतील ते आज कळलं. माझा धीर अर्ध्या तासात संपतो. तिचा चार वर्षं संपलेला नाही.

६ डिसेंबर, शनिवार

चांगला दिवस! लिहून ठेवते.

बाबा शेजारी बसून माझं काम बघत होते. प्लास्टरच्या साच्याची एक कड वर आली होती. मी कानस त्यांच्या हातात दिली. "ही कड घासा." घासली. "बोट फिरवून बघा." फिरवलं. पुढचं मी सांगायच्या आतच त्यांनी साचा उजेडाकडे धरला, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "अजून थोडं." आपणहून! आणि काय घासलंय — माझ्या हातून जन्मात होणार नाही. मालकांनी विचारलं, हे कोणाचं काम? म्हटलं, एक जुने कारागीर आहेत.

आईला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "मग मला थोडं झोपता येईल आता."

१० डिसेंबर, बुधवार

आई हल्ली दुपारी खूप झोपते. दमलीय. चार वर्षांची झोप असेल.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी आई बाबांची दाढी करवत होती, मी टेबलावर. "गालाला साबण लावा." लावला. "वस्तरा घ्या." घेतला. "वरून खाली." एक गाल झाला. मग आवाज थांबला. बाबा वस्तरा हातात धरून, अर्ध्या तोंडाला फेस, वाट पाहत उभे. मला वाटलं, हात थांबायची वाट बघतेय. हात केव्हाचा थांबला होता. मी वळून पाहिलं. आई माझ्याकडेच बघत होती. चेष्टा नव्हती चेहऱ्यावर, भीती होती.

"पुढे काय असतं गं?"

मी उठले. म्हटलं, "बाबा, मान जरा डावीकडे करा."

दोघांनीही केली.