माझ्यामागे निरोप कोणी सांगायचे याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, धंदा शिवणकाम, लग्न केलेले नाही, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी शुद्ध जागेवर आहे. सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो, माणसे ओळखायला लागत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकतील अशी घरात दोनच माणसे आहेत, माझा धाकटा भाऊ आणि भावजय, आणि ती दोघे सध्या एकमेकांशी बोलत नाहीत. न बोलता कट करता येत नाही, असे वकिलांचेही मत पडले.

घाई एवढ्यासाठी की दम्याने माझा आवाज बसत चालला आहे. डॉक्टर म्हणाले, "आजी, औषध देतो, पण बोलणं कमी करा." त्यांना काय ठाऊक, माझ्या बोलण्यावर एक अख्खा संसार चालतो.

१. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची शिवणाची खोली. हे मी मशीनवर पाय मारून उभे केले. ते भाऊ आणि भावजय या दोघांना मिळून देते. वाटणी करू नये. करायचीच झाली तर भिंत कुठे घालायची यावर आधी दोघांना बोलावे लागेल, तेव्हा घर सुरक्षित आहे.

२. ढाल. या दोघांच्या संसाराची आमच्या गल्लीत ख्याती आहे. पन्नासेक वर्षांत घरातून चढा आवाज कोणी ऐकलेला नाही. नवी लग्ने झालेली जोडपी आशीर्वादाला आमच्याकडे पाठवतात. आवाज न येण्याचे कारण कोणी विचारले नाही, म्हणून इथे नोंदवते. ही दोघे भांडली की अबोला धरतात, आणि अबोल्यात जे काही म्हणायचे ते माझ्यामार्फत म्हणतात. भावजय जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांच्या लाइनी जोडून देत होती. स्वतःच्या नवऱ्याची लाइन मात्र तिने माझ्याकडे सोपवली.

वाचनालयाने यांना "आदर्श जोडपे" म्हणून ढाल दिली, त्या दिवशी भावाने भावजयीची छत्री हरवल्याचा अबोला चालू होता. स्टेजवर तीन खुर्च्या, मधली माझी. अध्यक्षांनी विचारले, "आपल्या सुखी संसाराचं रहस्य काय?"

भाऊ माझ्या कानाशी वाकला. "ताई, तिला सांग, काहीतरी बोल म्हणावं."

भावजय दुसऱ्या कानाशी. "वन्सं, ह्यांना सांगा, ज्याने छत्री हरवली त्याने बोलावं."

मी माइक ओढून घेतला आणि म्हणाले, "दोघंही म्हणतात, सगळं श्रेय दुसऱ्याचं आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतल्या बाई डोळे पुसू लागल्या. तेव्हा ढाल खरे तर माझी आहे, तरी ती दोघांना देते. सध्या तिने खिडकी अडवून ठेवली आहे, ती तिथून काढावी.

३. मशीन, कात्र्या आणि धंद्यातली एक गोष्ट. मशीन भाचीला, म्हणजे या दोघांच्या मुलीला. कात्र्याही तिलाच, मात्र मोठी कात्री तिच्या बापाच्या हाती लागू देऊ नये. कापडाच्या कात्रीने त्याने एकदा वर्तमानपत्र कापले. त्याला मी माफ केलेले नाही आणि मेल्यावरही करण्याचा विचार नाही.

धंद्यातली गोष्ट अशी. कापड कधी नेमक्या मापाला कापू नये, शिवणीत माया ठेवावी. माणूस उद्या अंगाने भरला तर उसवून सैल करता येते. माया न ठेवता शिवलेला झगा पहिल्यांदा वाकलात की टरकतो. निरोपांचेही मी तेच केले. भाऊ म्हणे, "ताई, तिला सांग, तिच्या माहेरच्यांनी मला फसवलं." मी भावजयीला सांगे, "तो म्हणतोय, तुझ्या माहेरी बरेच दिवस जाणं झालं नाही." भावजय म्हणे, "वन्सं, ह्यांना सांगा, दगडाशी लग्न केलं असतं तर निदान त्यावर कपडे तरी आपटता आले असते." मी भावाला सांगे, "ती म्हणतेय, तुझी तब्येत दणकट आहे."

गंमत अशी की खोली एकच. दगड त्याच्या कानात केव्हाच पडलेला असे. तरी तो माझ्या तोंडाकडे बघत थांबे आणि दुरुस्त होऊन आलेल्या निरोपालाच उत्तर देई: "तिला म्हणावं, तिच्याच हातच्या जेवणामुळे." कित्येक वर्षे मी ही माझी हुशारी समजत होते. नंतर उमगले की दोघेही जाणूनबुजून माझ्याकडे बोलत होती. रागात तोंडातून गेलेला शब्द जोडीदाराच्या अंगावर पडण्याआधी कोणीतरी सैल करावा, एवढी काळजी दोघांनाही होती. राग आपला, पण लागायला नको दुसऱ्याला. मी पुष्कळ घरांचे कपडे शिवले, मापे घेताना पुष्कळ नवरा-बायकोंची बोलणी ऐकली. असे जोडपे दुसरे पाहिले नाही. मला त्यांचे फार कौतुक आहे, थोडा हेवाही आहे. हे तोंडावर सांगितले असते तर दोघे माझ्या डोक्यावर बसली असती.

४. माझे लग्न का झाले नाही याबद्दल गल्लीत नाना तर्क आहेत. ते सर्व खोटे आहेत. घरात एक लग्न सांभाळायचे होते, दुसऱ्याला वेळ नव्हता.

५. भाचीस सूचना. ती शिकलेली आहे आणि परगावी असते. फोनवर म्हणते, "आत्या, हे नॉर्मल नाही. आईबाबांना समुपदेशकाकडे नेऊ या." बाई गं, समुपदेशक तासावर बोलतो. तुझ्या आईबापाचा एक अबोला पावसाळा संपेपर्यंत चालतो. त्यांना कुठे नेऊ नये.

६. न पोचवलेले निरोप. सध्याचा अबोला माझ्याच खाटेवरून आहे. भावाचे म्हणणे, ताईला उजेड लागतो, खाट खिडकीशी हवी. भावजयीचे म्हणणे, रात्री हाक ऐकू यायला हवी, खाट स्वयंपाकघराजवळ हवी. माझ्या खाटेबद्दलचे निरोप मीच इकडून तिकडे करते, आणि खाट मधल्या दारात अडकून आहे. येणारा-जाणारा माझ्या पायांना ठेचकाळतो.

या अबोल्यात दोघांनी वेगवेगळे येऊन मला एकेक गोष्ट सांगितली. भाऊ म्हणाला, "ताई, तू नसलीस तर तिची समजूत कोण काढणार? मला नाही गं जमत." भावजय म्हणाली, "वन्सं, तुमच्यामागे ह्यांना माझं खरं म्हणणं कोण सांगणार? मी तोंड उघडलं की वाकडंच बाहेर पडतं." हे दोन निरोप मी पोचवले नाहीत. पोचवण्याइतका दम नव्हता असे नाही. यात सैल करण्यासारखे काही नव्हते, आणि असा निरोप तिसऱ्याच्या तोंडून जाऊ नये. मला भीती एकच आहे, की मी अबोल्याच्या मध्येच गेले तर हा अबोला यांच्या जन्माला पुरेल.

७. म्हणून माझ्यामागे निरोप सांगण्याचे काम भाचीने फोनवरून करावे. शेजारणीला देऊ नये, ती निरोपाला फोडणी घालते. भाचीने माया ठेवायला शिकावे.

ठिकाण: मधले दार, खिडकी आणि स्वयंपाकघर यांच्या बरोबर मध्ये
तारीख: सहा नोव्हेंबर
सही: लिहून ठेवणारी, शिवणकाम करणारी, भाचीची आत्या
साक्षीदार पहिला: सही, घरचे डॉक्टर
साक्षीदार दुसरा: सही, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला

सहीनंतरची नोंद. डॉक्टरांची सही झाली आणि इस्त्रीवाल्याच्या पाळीला त्यांच्या पेनातली शाई संपली. भाऊ भिंतीशी उभा होता, भावजय स्वयंपाकघराच्या दारात. म्हणाला, "ताई, तिला सांग, पेन बघ म्हणावं." मी गळ्याला हात लावला आणि मान हलवली. आवाज होता, पण मी तो काढला नाही. इस्त्रीवाला म्हणाला, "अंगठा देऊ का?"

तेव्हा भाऊ भिंतीकडे बघत म्हणाला, "अगं, पेन कुठंय?"

भावजय म्हणाली, "अहो, तुमच्या खिशाला काय लटकतंय ते?"

"हे होय!"

"नाहीतर काय. आणि खाट खिडकीशीच असू दे. उजेड बरा वाटतो त्यांना."

"छे छे, स्वयंपाकघराजवळ. तुझंच बरोबर आहे. हाक यायला हवी."

"मी म्हणते ना, खिडकीशी!"

"अगं, पण तूच म्हणालीस ना!"

भांडण पुन्हा जुंपले, या खेपेस समोरासमोर. इस्त्रीवाल्याने त्याच पेनाने सही केली. दोन्ही साक्षीदारांनी वरील संभाषण स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, त्यांच्या सह्या त्यालाही धराव्यात.

सबब कलम ७ मी खोडले आहे. ही खाडाखोड माझीच असून पूर्ण शुद्धीत, भावाच्या पेनाने केलेली आहे. खाट कुठे ठेवायची ते दोघे अजून ठरवत आहेत. मला कोणी विचारलेले नाही.

पुन्हा सही.